शेवटच्या पट्ट्याची खळ

मेणबत्ती मागायला आलीस ना, हेमाली? ही घे, आणखी एक असू दे. पण लगेच निघू नकोस. लोडशेडिंग संपायला वेळ आहे, तुझ्या धवलला कामावरून यायलाही वेळ आहे, आणि या दिवसांत तिन्हीसांजेला एकटीनं अंधाऱ्या घरात बसू नये. त्या खुर्चीत बस. पाठीमागे उशी घे. मी तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. शेजारचा फ्लॅट इतकी वर्षं बंदच होता, त्यामुळे शेजारणीशी कसं बोलायचं तेच मी विसरलेय.

दारात उभ्या उभ्या तू जे विचारलंस ते माझ्या लक्षात आहे. दुपारी भिंत कोण ठोकतं. तुझ्या पलंगाच्या डोक्याशी जी भिंत आहे तीच आमच्या बेडरूमची. पिंकी खेळताना काही आपटत असेल असं तुला वाटलं, आणि तू ते हसत विचारलंस. दुसरी कुणी असती तर भांडायला आली असती. पण पिंकी नाही ठोकत. ती बघ कशी कोपऱ्यात चित्रं काढत बसलीय. दुपारीसुद्धा अशीच बसलेली असते. सांगते तुला सगळं. थोडं लांबेल.

आमच्या बेडरूममध्ये तू अजून आली नाहीस. त्या भिंतीला गवताचा कागद लावलाय. हसू नकोस, खरंच गवताचा. जाड कागदावर गवताचे आणि तागाचे बारीक धागे आडवे चिकटवलेले असतात. परदेशात मोठ्या लोकांच्या घरात लावतात म्हणे. आमच्याकडे कसा आला ते सांगेन, पण खिडकीकडच्या कोपऱ्यात त्याचा एक पट्टा नाही, तिथे नुसती भिंत आहे. येणारा-जाणारा विचारतो, कागद कमी पडला का? आम्ही हो म्हणतो.

त्या कोपऱ्यात माझ्या सासऱ्यांचा पलंग होता. तुळशीदास अण्णा. मूळचे चांदीपचे, भातशेती करणारे. जमीन विकून त्यांनी तुळिंजला हा फ्लॅट घेतला आणि वर्षभरात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. उजवा हात मात्र शाबूत होता. त्या हाताच्या बोटात तांब्याचं वेढं होतं आणि काही हवं असलं की ते वेढं भिंतीवर ठोकायचे. टक टक. दोनदा. दोनदा म्हणजे पाणी. मी फुलपात्र घेऊन जायची, मान उचलून धरायची, पाजायची. जेवणं आटपून मी जरा आडवी झाले, डोळा लागत आला, की हमखास टक टक व्हायचं. कधी कधी त्यांना तहान नसायचीच. दुपारची भीती वाटते म्हणायचे. भीती वाटते म्हणून मला उठवायचे आणि मी आले की ओठ ओले करून घ्यायचे.

मी देवी नाही. मला राग यायचा. माझा नवरा, जितेंद्र, सकाळी अंधेरीला कामाला जायचा तो रात्री यायचा, आणि दिवसभर त्या भिंतीची नोकर मी. त्यांना कुशीवर वळवायचं, उचलून बसवायचं. उंचेपुरे होते, शेतात घडलेलं शरीर. त्या उचलण्यातच माझं पहिलं गेलं. डॉक्टरांनी तसं स्पष्ट म्हटलं नाही, पण मला माहीत आहे. सकाळी उचललं, दुपारी पोटात दुखायला लागलं, संध्याकाळी सगळं संपलं होतं.

अण्णांना कळलं होतं. मी घरी आले तेव्हा त्यांनी माझा हात धरला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि जड जिभेनं म्हणाले, "सूनबाय, मी येईन तुज्या पोटी. तुजं ऋन फेडीन."

आता तू म्हणशील, किती प्रेमानं बोलले. होय, प्रेमानंच बोलले. पण माझ्या अंगावर काटा आला. मला माझं मूल हवं होतं गं. कोरं, नवं. जे कधी कुणी नव्हतं असं. मी तोंडानं काही बोलले नाही, मनात मात्र म्हटलं, नको. पुढेही ते हेच बोलायचे, पाणी पिऊन झालं की. मी दर वेळी मनात नको म्हणायची.

दिवाळीच्या आधी ते गेले. वेढं काढायला गेलो तर बोट सुजलेलं, निघेना. तसंच त्यांच्याबरोबर गेलं.

नर्मदाआत्या चांदीपहून आल्या. अण्णांची थोरली बहीण, सगळ्या रीती त्यांना पाठ. तुमच्यात असतं की नाही ठाऊक नाही, पण आमच्यात माणूस जिथे जातो तिथे तांदळाचं पीठ पसरून दिवा लावतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून पिठावर काय उमटलंय ते बघायचं. पाखराचा पाय उमटला तर पाखराचा जन्म, सरपटल्याची रेघ असली तर सापाचा. आत्यांनी पलंगाच्या जागी, भिंतीशीच, दिवा ठेवला. सकाळी टोपली त्यांनी एकटीनं उचलली. मी चहा घेऊन गेले तोवर पीठ गोळा करून त्या डब्यात भरत होत्या. काय दिसलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "काय नाय." मान वर न करता. पीठ वाहत्या पाण्यात सोडायचं असतं. ते त्या बरोबर नेणार होत्या. पण तेराव्यानंतर जाताना बसची घाई झाली आणि डबा आमच्या माळ्यावर राहिला. त्या बोलल्या नाहीत, आम्हाला माहीत नव्हतं.

दोन-तीन महिन्यांत मला पुन्हा दिवस गेले.

आम्ही हॉलमधून बेडरूममध्ये झोपायला लागलो होतो. बाळ तिथेच वाढणार, म्हणून खोली रंगवायची ठरली. पण भिंतीवर एक डाग होता. आत्या अण्णांसाठी माक्याचं तेल करून पाठवायच्या, ते डोक्याला चोपडून अण्णा भिंतीला टेकून बसायचे. बरोबर डोक्याच्या मापाचा तेलकट डाग. जितेंद्रनं दोनदा रंग दिला. रंग वाळला की डाग पुन्हा वर यायचा. तेलाचा डाग तसा येतोच, त्यात भुताखेताचं काही नाही. पण मला वाटायचं, कुणीतरी अजून टेकून बसलंय. जितेंद्रला म्हटलं, काहीही कर, मला हा डाग दिसता कामा नये.

जितेंद्र पडदे-गालिचे परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत होता. तिथे गवताच्या कागदाची काही भेंडोळी रंगात फरक पडला म्हणून बाजूला काढली होती. साहेबांनी फुकट दिली. रविवारी हा बाबा फूटपट्टी, कात्री, ओळंबा घेऊन तयार. माणूस बोलावू म्हटलं तर म्हणाला, त्यात काय अक्कल लागते? मला मैदा आणि मोरचूद आणायला बाजारात पिटाळलं. मोरचूद खळीत घातलं की झुरळं कागद खात नाहीत, हे त्याला त्याच्या आईनं वह्यांना कव्हरं घालताना शिकवलेलं. मैद्याची खळ मी स्टोव्हवर शिजवली, पातेलंभर.

भेंडोळ्यात एक पत्रक होतं. त्यात लिहिलं होतं, आधी भिंतीला पातळ खळीचा एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग कागद लावा. मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, ते तिकडच्या भिंतींसाठी. मग दाराकडून पट्टे लावत निघाला. मी खालून कागद धरायची, तो कपड्याच्या ब्रशनं मधून कडेला दाबत जायचा. खरं सांगते, सुंदर दिसत होतं. उन्हात वाळलेल्या पेंढ्यासारखी खोली झाली. पण भिंत खळ प्यायला लागली. लावली की शोषून घ्यायची, पुन्हा लावावी लागायची. खिडकीकडचा शेवटचा पट्टा राहिला, नेमका डागाचा, आणि पातेलं रिकामं. रविवारची दुपार, दुकानं बंद. जितेंद्र माळ्यावर चढला आणि एक डबा घेऊन उतरला. तांदळाचं जुनं पीठ, म्हणाला, आईच्या वेळचं असेल. चिकटतं की तेही.

मी बसले होते, पाय सुजले होते. त्यानंच खळ शिजवली. तेलाच्या विझलेल्या वातीचा वास आला घरभर. मला वाटलं पीठ खवट झालंय. शेवटचा पट्टा लागला, डाग झाकला गेला, आणि त्या दिवशी मी किती खूश होते म्हणून सांगू. खिडक्या बंद ठेवायच्या, पंखा लावायचा नाही, कागद सावकाश वाळू द्यायचा, असं पत्रकात होतं. तेवढं मात्र त्यानं पाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बंद खोलीत पडले होते. ओल्या गवताचा वास, घाम, कुठेही वारा नाही. आणि टक टक.

मी उठून बसले... सवयीनं फुलपात्राकडे हात गेला, मग लक्षात आलं. रात्री जितेंद्रला सांगितलं तर हसला. कागद वाळताना ताणतो, म्हणाला, आवाज येणारच. बरोबर होतं त्याचं. बाकीचे पट्टेही तडतडत होतेच. पण ते वाळले आणि गप्प झाले. शेवटचा पट्टा वाळला नाही. हात लावला की गार, ओलसर. आणि रोज दुपारी, जेवणं झाल्यावर, त्याच्या आतून टक टक. गवतावर बोट आपटलं तर थप्प असा आवाज यायला हवा. हा धातूचा होता. जितेंद्र घरात असला की यायचा नाही.

हे मी सहन केलं असतं. इतकी वर्षं केलंच होतं. पण पोटातलं बाळ हलायला लागलं आणि मग मला खरी भीती कळली. भिंतीतून टक टक झालं की बाळ पोटात दोनदा लाथ मारायचं. लगेच. जणू हो म्हणायचं. आणि एरवी... एरवी हलायचंच नाही. सकाळ नाही, रात्र नाही. कुशीवर झोपून बघितलं, गूळ खाऊन बघितला. काही नाही. दुपारी भिंत वाजली की दोन लाथा, बस. डॉक्टर म्हणाल्या ठोके ठीक आहेत, काळजी करू नका. मी भिंतीची काय गोष्ट सांगणार त्यांना?

माझी आई नव्हती, त्यामुळे बाळंतपण इथेच व्हायचं होतं. सातव्यात आत्या ओटी भरायला आल्या. पिशवी ठेवली, पाणी प्यायल्या आणि लगेच स्टुलावर चढून माळ्यावर चाचपडू लागल्या.

"डबा कुठं हाय गो? पिठाचा?"

मी सांगितलं. कौतुकानंच सांगितलं, बेडरूमचं दार उघडून दाखवलं. आत्या उंबऱ्यातच खाली बसल्या. बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. मग उठून त्यांनी त्यावर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

मी विचारलं, "आत्या, त्या सकाळी पिठावर काय होतं?"

"पाऊल व्हतं," त्या म्हणाल्या. "एवढुसं. तान्ह्या पोराचं. बोटां आत, तू झोपायचीस तिकडं."

 मी पलंगाच्या कडेला टेकले.

"तू घाबरशील म्हनून नाय सांगितलं," आत्या म्हणाल्या. "पीठ पान्यात सोडलं की वाट मोकली व्हते, पोरी. तो निघाला व्हता तुज्याकडं आनि तुमी त्याला भिंतीला चिकटवला. आता तो जाल कुठं?" मग माझ्या पोटाकडे बघून हलक्या आवाजात म्हणाल्या, "आनि ह्यात कोन येल?"

त्या दिवशी दुपारी भिंत वाजली नाही. बाळही हललं नाही. मी पट्ट्याला कान लावून बसले, घामानं भिजले. आत्या जपमाळ ओढत होत्या. चार वाजून गेले, उन्हं खिडकीतून सरकून गेली, तरी काही नाही. इतके महिने ज्या आवाजाला मी शिव्या दिल्या त्याची मी वाट बघत होते. वाजवा ना, अण्णा. एकदा तरी वाजवा. पोटावर दोन्ही हात धरले होते आणि आत नुसतं जड, गप्प.

तिन्हीसांजा झाल्या आणि मला कळलं की मला ठरवायचं आहे. कागद तसाच ठेवला तर अण्णा माझ्या बाळात येणार नाहीत. पण मग कुणीच येणार नाही. आणि फाडला तर बाळ येईल, पण ते अण्णा असतील. मी आयुष्यभर मनात नको म्हणत आले होते. त्या वेळी मी काय करायला हवं होतं ते तूच सांग. दोन महिन्यांनी तू बाळंत होशील तेव्हा तुलाही कळेल, कुणीही असो, जिवंत असो, एवढंच वाटतं.

मी पट्ट्याचा वरचा कोपरा नखानं उचलला. वाटलं होतं चिवट असेल. सहज निघाला, भाजल्या जागेची कातडी निघते तसा. अख्खा पट्टा माझ्या अंगावर आला. गार. वातीचा वास. आत्यांनी मेणबत्ती जवळ आणली आणि कागदाची पाठ उजेडात धरली.

खळीत पावलं उमटली होती. एकच इवलंसं पाऊल, पुन्हा पुन्हा. वर जाणारं, खाली येणारं, कडेपर्यंत जाऊन परत फिरलेलं. कडेला सगळीकडे बोटांचे ठसे. वाट शोधून शोधून...

मी तो कागद पोटाशी धरला. आत्या नको नको म्हणत होत्या. मी भिंतीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हटलं, "या, अण्णा. माझ्याकडे या."

या घरात मी त्यांना मनापासून बोलावलं ते तेवढंच एकदा.

जितेंद्र आला तेव्हा आम्ही दोघी दारातच उभ्या होतो, कागदाची गुंडाळी घेऊन. त्याला समजावत बसायला वेळ नव्हता. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि रिक्षा आणली. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा रात्र झाली होती, ओहोटी लागलेली. जाळी आवरणाऱ्या एका बाईनं विचारलं, काय सोडताय? आत्या म्हणाल्या, घरचं मानूस. ती बाई लगेच बाजूला झाली. जितेंद्र गुडघाभर पाण्यात गेला आणि गुंडाळी सोडली. कागद तो, गवताचा, तरंगायला हवा होता. दगड बांधल्यासारखा सरळ खाली गेला. आणि मी तिथे जेट्टीवर उभी असताना बाळानं पोटात अशी काही उसळी मारली की मी आत्यांच्या गळ्यात पडून रडले.

त्यानंतर ते थांबलंच नाही. दिवसरात्र दंगा. भिंत गप्प झाली. जितेंद्रनं तो उघडा कोपरा धुतला, घासला, हिरवा डिस्टेंपर दिला. तेलाचा डाग पुन्हा वर आला नाही. आम्ही म्हटलं, गेले अण्णा. म्हणजे आले.

पिंकी झाली. सगळं नीट, वजन चांगलं. बारशाला आत्यांनी तिला मांडीवर घेतलं, कुणी बघत नाही असं बघून दुपटं सोडलं आणि तिची पावलं दिव्याकडे धरली. खूप वेळ बघत होत्या. मी विचारलं, तेच पाऊल आहे ना? त्यांनी दुपटं पुन्हा गुंडाळलं आणि म्हणाल्या, "पोर चांगली हाय. तुजी हाय." आणि त्याच संध्याकाळी चांदीपला निघून गेल्या, मुक्कामाला आल्या होत्या तरी. नंतर कधी आल्या नाहीत. आता त्याही नाहीत.

पहिली दोन-अडीच वर्षं मी पिंकीत अण्णांना शोधत राहिले. हसण्यात, हट्टात, झोपेत. खोटं कशाला बोलू, कधी कधी तिला छातीशी धरतानाही मी आधी तिच्या डोळ्यांत बघून घ्यायची, आत कोण आहे ते. काही सापडलं नाही. हळूहळू मी शोधणं सोडलं. मला वाटलं, माझ्यासाठी म्हणून ते सगळं विसरून आले असतील. पहिल्यांदा त्यांच्याबद्दल मला माया वाटली.

मग पिंकी नीट बोलायला लागली त्या उन्हाळ्यात एक दिवस मी दुपारी हॉलमध्ये पडले होते. ती स्वयंपाकघरात गेली, फुलपात्र भरलं, दोन्ही हातांनी धरून माझ्या अंगावरून बेडरूममध्ये निघाली. मी म्हटलं, तहान लागली तर इथेच पी. ती म्हणाली, "मला नको, आई. आजोबांना. त्यांनी वाजवलं ना आता."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. कागद फाडला त्या दिवसापासून मला ऐकू येत नाही. मी तिच्या मागे गेले. ती त्या उघड्या कोपऱ्यात बसली, फुलपात्र भिंतीला टेकवलं, जरा वेळ तसंच धरलं आणि मला आणून दिलं. रिकामं. मी वाकून फरशीवर हात फिरवला. कोरडी. तिचे ओठ पुसून बघितले. कोरडे.

तेव्हा मला ते पत्रक आठवलं. नुसत्या भिंतीला लावाल तर भिंत खळ पिते. कागदाला जेवढं चिकटलं होतं तेवढं आम्ही समुद्रात सोडलं, हेमाली. जे भिंतीनं प्यायलं होतं ते कसं काढणार? अण्णा अजून तिथेच आहेत, तहानलेले. मी या म्हटलं, आणि त्यांना येता आलं नाही. मग पिंकीत कोण आलं? मी विचारत नाही. ती माझी आहे, आत्या म्हणाल्या तशी. माझं पहिलं गेलं होतं, तेही कुठेतरी वाट बघत असेलच ना.

म्हणून रोज दुपारी ती पाणी देते. मीही अडवत नाही. कुणाला त्रास नाही. जितेंद्रला हे माहीत नाही. इतकी वर्षं आवाज फक्त पिंकीला यायचा, आणि तू आज दारात उभी राहून मला विचारलंस.

थांब, ती उठली बघ. आत्ताच वाजलं असणार. संध्याकाळी कधी वाजत नाही... बॅटरी घे गं पिंकी, आत अंधार आहे. सांडू नकोस.

बघितलंस, कशी सावकाश जाते. तिला भीती म्हणून नाही.

आलीस? आण इकडे. अगं, हे तर भरलेलं आहे.

"आजोबा आत नाहीयेत, आई," ती म्हणतेय. ऐकलंस ना? "ते तिकडे वाजवतायत. काकूंच्या घरात."

जा, तू चित्र काढ. मेणबत्तीजवळ बस.

हेमाली, घाबरू नकोस, हे पाणी पी. तुझी भिंतही तीच आहे, दुसऱ्या बाजूची, हे मला आधीच सुचायला हवं होतं. तू आल्यापासून पोटावरचा हात काढला नाहीस, ते मी बघतेय. मला एकच सांग. दुपारी भिंत वाजते तेव्हा आतून बाळ लाथ मारतं का गं? आणि एरवी हलतं ना?